दुरुस्त केलेला जुना रेडिओ पुन्हा पुन्हा बंद पडतोय? सेट उघडायच्या आधी भिंतीतला प्लग बघा

"दादा, परवाच करून नेलाय की! परत गेला." काखेत रेडिओ धरून दारात हे वाक्य म्हणणारी माणसं मी इतकी बघितलीत, की आता आधी रेडिओ हातात घेतच नाही. विचारतो, घरी मीटर लावून बघितलंय का? व्हॉल्व्हचे रेडिओ, रेडिओग्राम आणि विजेवरचे ग्रामोफोन मी बरीच वर्षं हाताळतोय. व्हॉल्व्ह बदलला, कंडेन्सर बदलला, चार दिवस वाजला आणि पुन्हा गेला, असं झालं तर दोष बहुतेक वेळा सेटच्या बाहेर असतो.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते ओळखा:

- दहा-पंधरा मिनिटं छान वाजतो, मग आवाज फाटतो आणि मागून तापलेल्या वार्निशचा वास येतो.
- दिवसा चालतो, रात्री उशिरा फ्यूज उडतो.
- सतत घुंऽऽ असा आवाज, व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी जात नाही.
- स्टेशनवर घर्रर्र अशी खरखर, संध्याकाळी जास्त.
- लावल्या लावल्या घरातला आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा सुरक्षेचा स्विच) पडतो.
- बटणाला किंवा मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात.
- एकही व्हॉल्व्ह पेटत नाही.
- रेकॉर्डवरचा गायक झोपेतून उठून गायला बसल्यासारखा वाटतो.

मुंग्या येत असतील तर पुढचं काहीही करून बघू नका. प्लग काढा आणि शेवटचा भाग वाचा.

पाटी वाचा. फुकट आहे

सेटच्या मागच्या पुठ्ठ्यावर किंवा मोटरच्या अंगावर पाटी असते. तिच्यावरच्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: व्होल्ट किती, सायकल किती आणि एसी आहे की एसी/डीसी (म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर नसलेला). जुन्या पाट्यांवर हर्ट्झ नसतं, सायकल असतं, अर्थ तोच.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यात काही टक्के वर-खाली धरलेलं असतं, त्या मर्यादेत काहीही आलं तरी कागदोपत्री सगळं ठीक. फ्रिजला, टीव्हीला याचं काही वाटत नाही. जुन्या सेटला वाटतं.

ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटच्या मागे व्होल्टेजची चकती किंवा पट्टी असते, तिच्यावर ११०, १२७, २००, २२०, २४५ असे काही आकडे. ती कुठल्या आकड्यावर आहे ते प्लग काढून बघा. मला ती निम्म्या वेळा चुकीच्या जागी सापडते, आणि त्यामागे एक गोष्ट असते. सेट पूर्वी गावाकडे होता, तिकडे लाइट मंद असायचा, आवाज दबका यायचा. कुणीतरी हुशारीनं चकती २०० वर आणली आणि रेडिओ दणक्यात वाजू लागला. पुढे सेट कोल्हापुरात आला, चकती मात्र २०० वरच राहिली. आता प्लगमध्ये २४५ आले तर आत सगळंच बावीस टक्क्यांनी चढतं. ६.३ व्होल्टचा फिलामेंट (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) ७.७ व्होल्टवर जळतो, २५० व्होल्टचा एचटी (सेटच्या आतलं मोठं व्होल्टेज) तीनशेच्या वर जातो. नवा व्हॉल्व्ह घातला तरी तो त्याच भट्टीत जाणार.

चकती २४५ वर ठेवा. आवाज थोडा कमी होईल, होऊ द्या.

मीटर लावा

साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून सेट लावता त्याच भिंतीतल्या प्लगमध्ये मोजा. एकदा मोजून भागत नाही. सकाळी, संध्याकाळी सात-आठला आणि रात्री अकरानंतर, असं तीन दिवस मोजून लिहा. माझ्या घरी दुपारी २२८ असतात, रात्री आजूबाजूचा लोड उतरला की २४६. 'दिवसा चालतो, रात्री फ्यूज उडतो' याचं उत्तर या कागदावर सापडतं. प्लगमध्ये पिना घालायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

चकती २२० च्या पुढे जातच नसेल आणि घरात कायम २४० च्या वर येत असतील, तर मी १२-०-१२ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर उलट्या जोडणीनं मेन्सच्या (घरात येणाऱ्या विजेच्या) रस्त्यात टाकतो. त्याचे २४ व्होल्ट मेन्समधून वजा होतात आणि २४५ चे साधारण २२० उरतात. रेडिओ पन्नास-साठ वॉटच्या आतला असतो, त्याला एक अँपिअर भरपूर झाला. जोडणी चुकून सुलटी झाली तर मात्र वजाबाकीची बेरीज होते आणि सेटला २७० जातात. म्हणून जोडल्यावर सेट न लावता आधी मीटरनं आउटपुट बघायचं. संध्याकाळी तुमच्याकडे २१० पर्यंत उतरत असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर लावून फारसं साधत नाही. तो टकटक करत पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो.

मीटरवर २६०-२८० दिसले, किंवा शेजारच्या खोलीत मिक्सर लावला की इथला दिवा एकदम उजळला, तर न्यूट्रल (विजेची परतीची तार) ढिला असण्याची दाट शक्यता. रेडिओचा विषय तिथंच सोडा, मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीच्या लाइनमनला बोलवा. अशात रेडिओच नाही, घरातलं सगळंच जळतं.

वायर, पिन आणि फ्यूज

कापडी वेष्टणाची जुनी वायर दिसायला देखणी असते. आतलं रबर वाळून बिस्किटासारखं झालेलं असतं. दोन बोटांत वाकवून बघा (प्लग काढून!), कुरकुर आवाज आला तर बदला. खर्च शंभराच्या आत.

फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, एकदा तर केसातली पिन सापडली. फ्यूज उडतो म्हणजे तो काम करतोय. मागे जे रेटिंग लिहिलंय तेच घाला. दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नका.

खरखर सेटची की घराची?

बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरींवर, त्याच टेबलावर. त्यातही घर्रर्र येत असेल तर तुमचा सेट निर्दोष आहे. आता घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायचा डबा एकेक करून बंद करा. सापडतोच. माझ्या घरी देवघरातल्या एलईडी समईनं दोन महिने छळलं होतं.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर सेट लावायचा मोह टाळा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, ग्रामोफोनची मोटर कण्हते.

आणि स्टेशनच लागत नाही म्हणून सेट आणणाऱ्यांना एक सांगायचंय. आकाशवाणी कोल्हापूर एफएमवर आहे, तुमच्या व्हॉल्व्हच्या सेटवर बहुधा एफएम नाही. मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपण केंद्रं गेल्या काही वर्षांत बंद झाली. डायलवर छापलेली कितीतरी नावं आता काचेवरच उरलीत. ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचं जे लागतं तेच रेडिओवर लागणार. रात्री जास्त लागतं.

सिरीज बोर्ड: सगळ्यात उपयोगी हत्यार

कुठलाही वायरमन हा बोर्ड अर्ध्या तासात करून देतो. एक होल्डर, एक सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक. होल्डरमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, कारण इथं बल्बची तारच राखणदार असते. आत शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्ब अडवतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. जुना ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायचा म्हणजे हजारांची आणि महिन्याची गोष्ट, म्हणून वर्षभर पडून असलेला सेट मी थेट प्लगला कधीच लावत नाही.

बल्ब असा वाचायचा. सेट चालू केल्यावर बल्ब एकदम उजळून हळूहळू मंद झाला, की ठीक. पूर्ण उजळलेलाच राहिला, की आत शॉर्ट, लगेच बंद. अजिबात पेटला नाही, की कुठंतरी तुटलंय: वायर, स्विच, फ्यूज किंवा फिलामेंट. आणि एक फसवा प्रकार आहे: आधी मंद होतो, मग अर्ध्या मिनिटानं पुन्हा उजळायला लागतो. व्हॉल्व्ह तापल्यावर कुणीतरी जास्त करंट ओढायला लागलंय. मागून डोकावलं तर आउटपुट व्हॉल्व्हची आतली पत्र्याची नळी लालसर दिसते. त्याच्या ग्रिडला (व्हॉल्व्हच्या आतल्या नियंत्रणाच्या जाळीला) जोडलेला मेणाच्या कागदाचा कंडेन्सर गळत असतो. पंधरा-वीस रुपयांचा जिन्नस, पण तसाच चालवला तर आधी व्हॉल्व्ह आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. 'आधी छान, मग आवाज फाटतो' हे बहुतेक वेळा तेच.

बल्ब मध्ये असताना सेटला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, त्यामुळे आवाज बारीक आला तर घाबरू नका.

एकही व्हॉल्व्ह पेटत नसेल आणि सेट एसी/डीसी असेल, तर आठवा गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ. एक दिवा गेला की सगळी माळ गेली. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे 'यू'नं सुरू होणारे व्हॉल्व्ह तसेच माळेत असतात. चौघांचे मिळून १२६ व्होल्ट होतात; उरलेले शंभरेक व्होल्ट एक मोठा रेझिस्टन्स उष्णतेत घालवतो. तो तापलेला असणारच, तो दोष नाही. त्याच्या मागची जाळी पडद्यानं झाकू नका, एवढंच.

अमेरिकेतून आलेला माल

हल्ली हे वाढलंय. मुलगा तिकडे, जुन्या बाजारात सुंदर रेडिओ मिळाला, बाबांच्या पंचाहत्तरीला पाठवला. पाटीवर ११७ व्होल्ट, ६० सायकल. इथं कुणीतरी चपटी पिन कापून आपली गोल पिन बसवतो आणि २३० ला लावतो. आतली माळ १२० व्होल्टच्या आसपासची. एकदाच लख्ख पेटते.

स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, आयसोलेशनवाला मागा. ऑटो ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो पण सेटला मेन्सपासून तोडत नाही. डिमरस्टॅटचंही (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) तेच, 'डिमरस्टॅटवर आहे, शॉक लागत नाही' हा समज जीवघेणा आहे. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर मुळीच नको. तो वीज कापून देतो, लाटेचं टोक उंचच राहतं.

सायकलचं काय? माळवाल्या अमेरिकन रेडिओला ५० आणि ६० चा फारसा फरक पडत नाही, कारण आत मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. ट्रान्सफॉर्मर असेल तर पडतो. ६० साठी केलेल्या लोखंडावर ५० हर्ट्झला ताण वीस टक्के वाढतो, म्हणून त्याला ११७ ऐवजी ९५-१०० व्होल्टच द्यायचे. ग्रामोफोनला मात्र दोन्हीकडून मार बसतो.

ग्रामोफोन हळू फिरतो

हा माझा आवडता दोष आहे, कारण एकदा मी त्यात सपशेल फसलो.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले एक पेटीमास्तर. त्यांच्याकडे अमेरिकेहून आलेला रेकॉर्ड प्लेअर, सोबत मूळ स्ट्रोबची चकती (वेग तपासायची रेघांची चकती; वेग बरोबर असेल तर दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात). मी ट्रान्सफॉर्मर जोडून दिला, चकती थाळीवर ठेवली, पिवळ्या बल्बखाली बघितली. रेघा गपगार उभ्या. म्हटलं, स्पीड बरोबर. मास्तर म्हणाले, "बरोबर कसा? या बाई काळी पाचला गातात. इथं पांढरी पाचला गातायत." आणि पेटीवर सूर धरून दाखवला. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले त्या गावात असे कान अजून आहेत. मी घरी येऊन गणित मांडलं आणि कपाळावर हात मारला.

इंडक्शन मोटर विजेच्या सायकलप्रमाणे फिरते. ६० ची मोटर ५० वर आली की वेग सहापैकी पाच हिस्से: ७८ चे ६५, ४५ चे साडेसदतीस, ३३⅓ चे २७.८. पाचास सहा म्हणजे सुरात बरोबर तीन पट्ट्या खाली, काळी पाचची पांढरी पाच. आणि चकती? तीही ६० सायकलची होती, ९२ रेघांची. आपल्या दिव्याखाली ९२ रेघा ६५ फेऱ्यांनाच स्थिर दिसतात. मोटर आणि चकती दोघी मिळून एकच खोटं बोलत होत्या.

आपल्याकडे ७८ साठी ७७ रेघांची चकती लागते, ३३⅓ साठी १८० रेघांची. एलईडीखाली रेघा नीट दिसत नाहीत, पिवळा बल्बच हवा. चकती नसेल तर रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवून दहा सेकंदांत फेऱ्या मोजा. तेरा झाल्या तर ७८. अकराच्या आत राहिल्या तर तुमचंही पेटीमास्तरांसारखं झालंय.

उपाय कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथवाल्याकडे. मोटरच्या दांड्यावरचा पितळी बुश सहास पाच या प्रमाणात जाड करून घ्यायचा, ५ मिलिमीटरचा ६. तीन पायऱ्यांचा असेल तर प्रत्येक पायरी त्याच प्रमाणात. लेथवाल्याला एकच गोष्ट बजावून सांगा: भोक मधोमध पाहिजे. केसभर बाजूला गेलं तरी लांबलेला सूर हेलकावे खातो. माझा पहिला बुश असाच वाया गेला. काही स्वस्त अमेरिकन प्लेअरमध्ये मोटर आणि व्हॉल्व्हचा फिलामेंट सिरीजमध्ये असतात. तिथं मोटरला हात घातला की व्हॉल्व्हचंही गणित बदलतं, ते जाणकारावर सोडा.

सेट आपल्याकडचाच, ५० सायकलचा असून हळू फिरत असेल तर विजेला दोष देऊ नका. आतलं रबरी चाक कडक झालंय किंवा मोटरचं तेल गोंद झालंय. चाक स्पिरिटनं पुसा, बेअरिंगला मशीन ऑइलचे दोन थेंब द्या. खोबरेल नको, तेच थंडीत गोठतं. १९३० च्या दशकातल्या गव्हर्नरवाल्या मोटरचा वेग वजनांच्या फिरण्यावर असतो. तिथं फास्ट-स्लोची कांडी हलवली की काम झालं.

स्पीड बरोबर पण आवाज मेल्यासारखा? जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधला (सुई बसते तो भाग) मिठाचा स्फटिक ओल धरून मरतो. आपल्या पावसाळ्यात ती हमखास जातात. बदलताना ७८ ची जाड सुई वेगळी आणि एलपीची वेगळी, हे विसरू नका.

इथं थांबा

मागचा पुठ्ठा, प्लग काढून, उघडायला हरकत नाही. धूळ, उंदराचं घरटं, काळी पडलेली वायर, गळालेलं मेण डोळ्यांनी दिसतं. चॅसी (आतला पत्र्याचा सांगाडा) उलटी करून खाली हात घालायचा नाही. प्लग काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट टिकून असतात.

एसी/डीसी सेटची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते. हा बिघाड नव्हे, तो तसाच बनवलाय. प्लॅस्टिकचं बटण तुटलं म्हणून पक्कडीनं धातूचा दांडा फिरवणारे लोक मी बघितलेत. त्या दांड्यावर टेस्टर लावला तर पेटतो. अशा सेटला अर्थिंगची तार जोडायची नाही. आरसीसीबी पडला तर वायरमनला बोलवा, पण 'तो काढूनच टाकू' असं म्हणणारा वायरमन असेल तर वायरमन बदला.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले सेट अजूनही माळ्यावरून खाली येतात. वरून कोरडे असले तरी ट्रान्सफॉर्मरच्या कागदात ओल आणि गाळ असतो. ते सिरीज बोर्डवरसुद्धा लावू नका. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघणाऱ्याकडेच द्या.

बल्ब पूर्ण उजळणं, वार्निशचा वास, दुसऱ्यांदा फ्यूज, लाल झालेला व्हॉल्व्ह, मुंग्या: यातलं एकही झालं तर मेकॅनिककडे चला. तीन दिवसांच्या व्होल्टेजचा कागद, चकतीचा आकडा आणि बल्ब कसा पेटला ते लिहून न्या. निम्मी मजुरी तिथंच वाचते. आणि सेटची बटणं पिशवीत वेगळी आणू नका, दांड्यांवर बसवूनच आणा.